दोघं येणार होते

आमची पोस्ट ईशान्येकडच्या डोंगरात, एका अर्धवट झालेल्या रस्त्याच्या वर होती. खाली नदी, पलीकडे जंगल आणि जंगलाच्या मागे सरहद्द. राज्याचं, नदीचं आणि तिथल्या संघटनेचं नाव मी लिहीत नाही. त्यावाचून सांगायचं काही अडत नाही.

मी अशोक कांबळे. वडील पिंपरीत एका कंपनीत फिटर होते. मी बारावीनंतर भरती झालो आणि या पोस्टवर आलो तेव्हा नायब सुभेदार होतो. माझ्याकडे एक प्लाटून होती. बहुतेक जवान मराठी, सातारा, सांगली, अहमदनगर, पुणे जिल्ह्यातले.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं की सैनिक म्हणजे रोज गोळीबार. आमचं मुख्य काम चालणं होतं. उजाडलं की रोड ओपनिंग पार्टी निघायची. गाड्या सुरू होण्याआधी आमच्या हद्दीतला सगळा रस्ता पायी चालून तपासायचा. मोऱ्या, पुलाखालची जागा, खडीचे ढीग, कडेला कुठे माती नव्याने उकरली आहे का. तपासून झालं की वायरलेसवर 'रोड क्लिअर' सांगायचं, मग खालून ट्रक सुटायचे. त्यानंतर संध्याकाळपर्यंत पिकेटवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पहाऱ्यावर, बसायचं. पाय कायम ओले. जळवा मोज्यांतून आत शिरायच्या. जेवायला खिचडी किंवा डाळ-भात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नायक विलास वाळुंज पार्टीच्या सगळ्यांत पुढे चालायचा, कारण सुरुंग शोधायचा डिटेक्टर त्याच्याकडे असायचा. चाकणच्या पुढे, खेडच्या बाजूला त्याचं गाव. घरची थोडी जमीन एमआयडीसीत गेली होती. त्याच्या बरोबरीची पोरं कंपन्यांना लेबर पुरवायची, पाण्याचे टँकर चालवायची. हा भरती झाला. बायको सुनंदा चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत लाइनवर होती. एक लहान मुलगी. तो बोलायला मोकळा होता आणि काम करताना मात्र अजिबात बोलायचा नाही.

एकदा पिकेटवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "साहेब, हितं दिसाला चार गाड्या जात्यात आन आपण पंधरा जण त्यांची राखण करतो. आमाला चाकणला तळेगाव चौकात ट्रॅफिकला उभं करा की. खरी गरज तिथं हाय."

हवालदार शिंदे त्याच्या शेजारी होते. ते साताऱ्याचे, वयाने मोठे. दोघं एकाच बंकरमध्ये राहायचे आणि सुट्टीही एकत्र टाकायचे. शिंदे म्हणाले, "तिथं आपलं ऐकतंय कोण? इथं निदान ट्रक थांबतात."

मार्चमधल्या एका सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. दुसऱ्या मोरीच्या अलीकडे विलासने हात वर केला. हात वर म्हणजे सगळ्यांनी थांबायचं. आम्ही थांबलो. तो गुडघ्यावर बसला आणि त्याच वेळी स्फोट झाला.

पाठोपाठ उजवीकडच्या टेकडीवरून फायर आलं. मी रस्त्याच्या कडेला आडवा झालो आणि वायरलेस सेट काढला. टायगर म्हणजे आमचं मुख्यालय, ब्राव्हो टू म्हणजे मी.

"टायगर, ब्राव्हो टू. आयईडी ब्लास्ट. उजवीकडून फायर. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"ब्राव्हो टू, टायगर. मदतीला क्यूआरटी निघालीय. होल्ड. ओव्हर."

शिंदे सरपटत विलासपर्यंत पोचले. मी एक सेक्शन घेऊन नाल्यातून टेकडीच्या मागच्या बाजूने चढलो. फायर तोपर्यंत थांबलं होतं. वर एकच माणूस सापडला. आमच्या गोळीने त्याचा गुडघा फुटला होता आणि त्याला पळता आलं नव्हतं. त्याच्या शेजारी बॅटरी होती, वायर खाली मोरीकडे जात होती. त्याने हात वर केले. आम्ही त्याला पकडलं, गुडघ्याला पट्टी बांधली आणि खाली आणलं. पकडलेल्या माणसाला मारायचं नसतं. हे आम्हाला शिकवलेलं आहे आणि त्या दिवशी माझ्या सेक्शनमधल्या प्रत्येकाने ते पाळलं.

खाली आलो तेव्हा विलास गेला होता. शिंदेंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हात वर करून त्याने आम्हाला जागीच थांबवलं. मागचे सगळे वाचले ते त्यामुळे.

त्याच्या वडिलांना फोन मी केला. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "सूनबाई ड्युटीवर हाय. ती आली की सांगतो." कॉफिनबरोबर शिंदे गेले. पार्टी तशीच रोज निघत राहिली. डिटेक्टर दुसऱ्या जवानाकडे दिला.

पकडलेल्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात दिलं. तो आधी कुठल्याशा गावात शाळामास्तर होता म्हणून सगळे त्याला मास्टर म्हणायचे. त्याला जेलमध्ये ठेवलं, केस उभी राहिली. मी साक्षीदार होतो. आमच्यापुरता तो विषय तिथे संपला, असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या हिवाळ्यात रस्त्याच्या कामावरचं मोठं एक्सकॅव्हेटर बंद पडलं. ठेकेदाराने ज्या कंपनीकडून मशीन घेतलं होतं, तिचा कारखाना चाकणला. तिथून एक सर्व्हिस इंजिनिअर आला. प्रशांत सूर्यवंशी, वय सव्वीस. घर रहाटणीत, आईवडील मूळचे लातूरकडचे. मशीन चालवणारा ऑपरेटर रातुल, आसामचा, साधारण त्याच्याच वयाचा. दोघं दोन दिवस मशीनखाली काम करत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी कामाच्या कॅम्पवर हत्यारबंद माणसं आली आणि दोघांना घेऊन गेली. तो कॅम्प आमच्या हद्दीबाहेर होता, पण शोध घ्यायला आम्हीही गेलो. काही हाती लागलं नाही.

आठवड्याभरात मागणी आली. आमचा माणूस सोडा, तुमचे दोघं घ्या. त्यांचा माणूस म्हणजे मास्टर.

वर काय बोलणी झाली ते मला माहीत नाही. कोर्ट, सरकार, केस मागे घेणं, हे सगळं माझ्या पातळीच्या खूप वरचं. टीव्हीवर चर्चा चालायच्या. एक जण म्हणायचा, अतिरेक्यांपुढे झुकायचं नाही. दुसरा म्हणायचा, आधी माणसं आणा. रहाटणीत प्रशांतची आई कॅमेऱ्यासमोर बसलेली दिसायची. तिला बोलता यायचं नाही, तिच्या शेजारचा कोणी तरी बोलायचा. रातुलच्या घरचं कोणी टीव्हीवर दिसलं नाही.

बोलण्यांत मध्यस्थ होते तिथल्याच एका गावातल्या चर्चचे वृद्ध पास्टर. दोन्ही बाजूंना त्यांच्यावर विश्वास होता. बरेच दिवस ते पायी जंगलात जात आणि येत. जानेवारीत ठरलं.

आमच्या बटालियनच्या कर्नलसाहेबांनी मला बोलावलं. ते नकाशासमोर उभे होते.

"कांबळे साहब, नदीवरचा झुलता पूल माहीत आहे?"

"माहीत आहे, सर."

"तिथे अदलाबदल होईल. पुलावर आपल्याकडून एकच माणूस जाईल, बिनहत्यारी. तो मास्टरला ओळखणारा हवा. आणि इंजिनिअरशी मराठीत बोलणारा हवा. दबावाखाली असेल तर पास्टरसमोर हिंदीत बोलणार नाही. दोन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत."

"येस सर."

"वाळुंज तुमच्या प्लाटूनचा होता."

"होय सर."

"तुम्हाला जमणार नसेल तर मी दुसऱ्याला पाठवतो. त्यात काही कमीपणा नाही."

मी विचार केला. दुसरा कोण, तर शिंदे. शिंदेंना त्या माणसाशेजारी चालायला लावणं मला पटलं नाही. मी म्हणालो, "जमेल सर."

मास्टरला पोलिसांनी आमच्या बेसवर आणलं. तिथून पुलापर्यंत तीन तासांचा गाडीचा रस्ता. मी त्याच्यासमोर बसलो होतो. गुडघा बरा झाला होता, पण वाकत नव्हता. त्याने मला ओळखलं.  मग हिंदीत म्हणाला, "उस दिन आपने पट्टी बाँधी थी."

मी म्हणालो, "हाँ."

"आपका एक आदमी गया था."

"हाँ."

त्याने बाहेर पाहिलं.  माझ्या मनात काय चाललं होतं ते इथे लिहून उपयोग नाही. माझं काम त्याला पुलापर्यंत धडधाकट नेण्याचं होतं.

पूल लोखंडी दोराचा आणि लाकडी फळ्यांचा होता. एका वेळी जेमतेम एक माणूस जाईल एवढा. ठरलेली पद्धत अशी होती. पलीकडून पास्टर दोघांना घेऊन मध्यापर्यंत येतील. इकडून मी मास्टरला घेऊन मध्यापर्यंत जाईन. मी दोघांची ओळख पटवीन, सेटवर 'दोन मिळाले' असं सांगेन, मग मास्टर पास्टरबरोबर पुढे जाईल आणि मी दोघांना घेऊन मागे येईन. दोन्ही काठांवर हत्यारं असणार होती, पण कोणी पुलाकडे नेम धरायचा नव्हता. आमच्या काठावर झाडीत हवालदार शिंदे एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, घेऊन होते.

सकाळचे दहा वाजले होते. धुकं उठलं होतं. पलीकडच्या झाडीतून आधी पास्टर बाहेर आले. त्यांच्या मागे काठी टेकत एक माणूस. मी थोडा वेळ वाट पाहिली. मागे कोणी आलं नाही.

"टायगर, ब्राव्हो टू. एकच माणूस दिसतोय. ओव्हर."

"दुसरा मागे असेल. पुढे जा. ओव्हर."

मी पुढे गेलो. मास्टर माझ्या पुढे, एक पाय ओढत. पूल हलत होता. मध्यावर आम्ही चौघं समोरासमोर आलो. प्रशांतचा चेहरा मी फोटोत पाहिला होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, डाव्या पायाला कापड गुंडाळलेलं. माणूस तोच होता.

मी मराठीत विचारलं, "नाव?"

"प्रशांत सूर्यवंशी."

"घर कुठं?"

"रहाटणी." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, तुम्ही मराठी आहात?"

"होय. चालता येतंय का?"

"चालायलोय, साहेब. पडणार नाही."

"रातुल कुठं आहे?"

त्याने दोर दोन्ही हातांनी धरला.

"रातुल नाही येणार." तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी मारलं त्याला. माझा पाय मोडला होता, तोच मला धरून चालायलता. ओढ्यापाशी म्हणाला, मी खाली गावात जाऊन माणसं आणतो. पळाला. मागून गोळी घातली. इतके दिवस मला सांगायलते, की तो दुसऱ्या कॅम्पवर आहे म्हणून सांग. म्हणाले, आधी बोललास तर तुलाही."

मी पास्टरांकडे पाहिलं. ते हिंदीत म्हणाले, "मुझे आज सुबह बताया. मैं लौट जाता, तो ये भी नहीं आता."

मी सेट तोंडाशी नेला.

"टायगर, ब्राव्हो टू. एक मिळाला. फक्त एक. ऑपरेटर जिवंत नाही. ओव्हर."

थोडा वेळ सेटवर फक्त खरखर आली. मग मध्येच दुसरा आवाज आला. शिंदेंचा.

"साहेब, दोघांचा करार होता. त्यांनीच मोडलाय. मास्टर माझ्या नेमात आहे."

मी मागे वळून पाहिलं नाही. पलीकडच्या झाडीत हालचाल झाली. त्यांनाही कळलं होतं की काही तरी अडलंय. प्रशांत आणि मास्टर यांच्यात हातभराचं अंतर होतं. पास्टर डोळे मिटून उभे होते.

"शिंदे, बॅरल खाली."

"साहेब, विलासला..."

"बॅरल खाली. हा हुकूम आहे. सेट सोडा."

उत्तर आलं नाही. मी थांबलो. शिंदेंना मी अकरा वर्षं ओळखत होतो. ते ऐकतील असं मला वाटत होतं, पण खात्री नव्हती. पुलावर उभा राहून त्या वेळी मला खात्री कशाचीच नव्हती. प्रशांतने सगळा भार दोरावर टाकला होता आणि पूल त्याच्या बाजूला झुकत होता.

"ब्राव्हो टू, टायगर." कर्नलसाहेबांचा आवाज. "जो आहे तो चालू शकतो?"

"चालू शकतो, सर."

"वेट."

ते कोणाशी बोलले मला माहीत नाही. मी नदीकडे पाहत राहिलो. पाणी हिरवं होतं आणि वेगात होतं.

"ब्राव्हो टू. जिवंत माणूस घेऊन या. दुसऱ्याला जाऊ द्या. ओव्हर."

"रॉजर."

मी मास्टरला म्हणालो, "जाओ."

तो जागचा हलला नाही. त्याला मराठी कळत नव्हतं, पण पास्टरांचं बोलणं त्याने ऐकलं होतं. त्याने विचारलं, "वो दूसरा कौन था?"

"मशीन चलाता था. असम का लड़का."

"मुझे मालूम नहीं था."

"अब मालूम है. जाओ."

तो गेला. मी प्रशांतचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि वळलो.  काठावर पाय लागल्यावर तो खाली बसला आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. डॉक्टर पुढे आले.

गाडीत त्याने मला विचारलं, "साहेब, माझ्या बदल्यात सोडला तो कोण होता?"

मी म्हणालो, "एक कैदी."

त्या दिवशी मी त्याला तेवढंच सांगितलं.

संध्याकाळी शिंदे चहाचे दोन मग घेऊन माझ्या बंकरशी आले. एक मला दिला.

"हुकूम होता म्हणून थांबलो, साहेब."

"माहीत आहे."

"नसता तर थांबलो नसतो."

"तेही माहीत आहे."

आम्ही चहा प्यायलो. पुढे पास्टरांच्या मदतीने रातुलचा देह सापडला आणि त्याच्या गावी पाठवला. त्याला घेऊन कोण गेलं ते मला कळलं नाही. बहुधा ठेकेदाराचा माणूस.

पुढच्या महिन्यात मला सुट्टी मिळाली. घरी बॅग टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विलासच्या गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. सुनंदाताईंची सेकंड शिफ्ट होती, त्या कंपनीची बस यायची वाट बघत तयार होऊन बसल्या होत्या. अंगावर कंपनीचा निळा कोट.

मी म्हणालो, "ज्याला सोडला, तो विलासच्या केसमधला होता."

आबा म्हणाले, "व्हय. टीव्हीवर दावलं."

"त्याला पुलावर घेऊन मी गेलो होतो. हे तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून आलो."

सुनंदाताईंनी डबा पिशवीत ठेवला. पिशवी खाली ठेवली.

"तुमीच नेऊन सोडला?"

"होय."

"माझ्या माणसाला मारणारा मोकळा फिरणार. आन त्याला पुलापत्तर पोचवायला तुमी गेला."

"हुकूम होता."

"हुकूम नसता तर?"

"हुकूम नसता तर मी तिथे नसतो, ताई."

 बाहेर बसचा हॉर्न वाजला. त्या उठल्या आणि माझ्या शेजारून निघून गेल्या. आबांनी मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. म्हणाले, "तुमी सांगाया आला ह्ये बरं केलं. दुसरं कोण आलं न्हाई." मग म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका."

मी मनावर घेतलं नाही. सुनंदाताईंचा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तरही खोटं नव्हतं. दोन्ही एका घरात मावत नव्हती, एवढंच.

काही वर्षांनी मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. दिघीत फ्लॅट घेतला. आमच्या इमारतीत निम्मे फौजीच आहेत. चाकणला एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर म्हणून लागलो. सकाळी मोशीवरून जायचं, संध्याकाळी चौकातल्या जाममध्ये अडकून परत यायचं. विलास बरोबर बोलायचा असं त्या जाममध्ये रोज वाटतं.

एक दिवस गेटवरून निरोप आला की कोणी भेटायला आलंय. बाहेर प्रशांत उभा होता. अंगाने भरला होता, किंचित लंगडत होता. आता तो फील्डवर जात नव्हता, नव्या पोरांना मशीन शिकवायचा. माझा पत्ता त्याने माजी सैनिकांकडे चौकशी करत करत काढला होता. आम्ही गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतला.

"साहेब, मला कळलंय तो कोण होता ते. पेपरात वाचलं. नायक वाळुंज इथलेच, चाकणजवळचे." त्याने ग्लास खाली ठेवला. "मला त्यांच्या घरी जायचंय."

"जाऊन काय सांगणार?"

"माहीत नाही. पण मी रोज त्या रस्त्यानं कंपनीत यायलोय. गावाची पाटी दिसती."

मी सुनंदाताईंना फोन केला. त्या दिवसानंतर आमचं बोलणं झालं नव्हतं. मी सांगितलं, तो मुलगा यायचं म्हणतोय.  त्या म्हणाल्या, "या म्हणावं. एकदाच."

आम्ही रविवारी गेलो. आबा थकले होते, खाटेवर होते. प्रशांतने त्यांच्या पाया पडून बाजूला सतरंजीवर बैठक मारली. पाय दुमडत नव्हता म्हणून तो लांब केला आणि त्याचंही त्याला अवघड वाटत होतं. सुनंदाताई दाराशी उभ्या राहिल्या.

तो म्हणाला, "ताई, मी माफी मागायला आलो नाही. मागायची तर कशाची मागू तेच कळंना गेलंय. मी आहे, एवढं सांगायला आलो."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुमच्याबरोबर दुसरा व्हता ना? त्याला मारला म्हणं."

"रातुल."

"त्याचं कोण हाय घरी?"

"आई आहे. एक भाऊ."

"त्यांच्याकडं गेला व्हता?"

प्रशांतने मान खाली घातली. "नाही, ताई. तिकीट काढलं होतं दोनदा. स्टेशनवरनं परत आलो."

"का?"

"त्यांचं तोंड कसं बघू?"

"माझं बघताय की." त्या पुढे आल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझा माणूस ड्युटीवर गेला. गावात कमान लागली, झेंडावंदनाला आमाला म्होरं बसिवत्यात. त्या माउलीकडं कोण गेलं? आधी तिकडं जा. मग हितं या."

त्यांनी चहा दिला नाही. आम्ही उठलो.

गाडीत प्रशांत म्हणाला, "साहेब, तुम्ही याल का बरोबर?"

मी सुट्टी टाकली.

रातुलचं गाव नदीकाठी होतं. बांबूचं घर, पुढे सुपारीची झाडं. भाऊ ट्रकवर क्लिनर होता. आई बारीक अंगाची, पांढरी साडी. तिला हिंदी थोडं कळायचं, बाकी भाऊ सांगायचा. तिने आम्हाला अंगणात बसवलं. सुपारी पुढे केली.

प्रशांतने पहिल्यापासून सगळं सांगितलं. मशीन, कॅम्प, मोडलेला पाय, ओढा. काही गाळलं नाही. 'वो मेरे लिए भागा था' हे वाक्य त्याने दोनदा सांगितलं. आई ऐकत होती. मध्ये एकदाही रडली नाही. सगळं झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. भावाने तो हिंदीत सांगितला.

"पूछ रही है, उस दिन भूखा था क्या?"

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "नहीं. सुबह भात मिला था. उसने खाया था. अपने में से मुझे भी दिया."

भावाने सांगितलं. तिने मान हलवली, पुन्हा हलवली. मग उठून चुलीकडे गेली आणि आमच्यासाठी भात टाकला. जेवल्याशिवाय तिने आम्हाला जाऊ दिलं नाही. प्रशांत आता दरवर्षी तिकडे जाऊन येतो.

संघटनेच्या एका गटाने पुढे शस्त्रं खाली ठेवली. पेपरात फोटो आला होता. मी मास्टरचा चेहरा शोधला. चेहरे लहान होते, सांगता येत नाही. आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये टीव्हीवर कुठल्या तरी देशातली कैद्यांची अदलाबदल दाखवतात तेव्हा पोरं मला विचारतात, "साहेब, तुम्ही असता तर सोडला असता का?" मी म्हणतो, मी होतो.  मी पुढे काही सांगत नाही, कारण सोडावं की न सोडावं हे मला आजही सांगता येणार नाही. पुलावर एक माणूस जिवंत उभा होता. मला तेवढंच माहीत आहे.

मार्चमध्ये विलासचा स्मृतिदिन असतो. गावच्या शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होतो. आबा आता नाहीत. यंदा शिंदे साताऱ्याहून आले होते, त्यांचेही केस सगळे पिकले. आम्ही दोघं मेडल लावून पुढे उभे राहिलो. विलासची मुलगी दहावीला आहे, तिने फोटोला हार घातला. प्रशांत नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, कुंपणापाशी उभा होता. आसामहून आल्यावर तो सुनंदाताईंकडे जाऊन आला होता आणि त्या दिवशी त्यांनी त्याला चहा दिला, एवढं मला माहीत आहे. त्यापुढचं मी कधी विचारलं नाही.

सरपंचांनी माइक घेतला. नायक विलास वाळुंज, असं पूर्ण नाव घेतलं आणि आम्ही सॅल्यूट केला. मग ते थांबले. सुनंदाताई पुढच्या खुर्चीवरून त्यांच्याकडे बघत होत्या. सरपंच म्हणाले, "वहिनींच्या सांगण्यावरून आणखी एक नाव घेतोय. हे सैनिक नव्हते, पण त्याच भागात दुसऱ्याचा जीव वाचवताना गेले. आसामचे राहुल."

मागून, कुंपणाजवळून, आवाज आला.

"रातुल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सरपंच म्हणाले, "माफ करा," आणि माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"रातुल," ते म्हणाले.

शिंदेंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा हात माझ्या आधी वर गेला.